दारू अंगात असताना आणि दारू बंद झाल्यावर

रुग्ण असंबद्ध बोलतो, पलंगावरून उठून जायला बघतो, आणि वॉर्डातले लोक ‘प्यायलेला दिसतोय’ म्हणून मोकळे होतात. परंतु बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या एखाद्या रुग्णालयात पाय मोडून दाखल झालेला, रोज पिणारा माणूस तिसऱ्या रात्री असे वागू लागला, तर बहुधा दारू थांबल्यामुळेच तो आजारी पडलेला असतो. परिचारिकांच्या प्रशिक्षणात व्यसनाच्या दुष्परिणामांवरील व्याख्यानांपेक्षा हा फरक ओळखण्याचा सराव अधिक हवा, असे माझे ठाम मत आहे.

दारू मेंदूचे काम मंदावते. प्यायलेल्याची जीभ जड होते, तोल जातो, गुंगी वाढते; श्वास मंदावण्याचा आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्याला कुशीवर निजवावे, श्वास व रक्तातील साखर तपासावी, डोक्याला मार लागला आहे का ते पाहावे. झोपेचे औषध त्याला घातक ठरू शकते.

याउलट, रोजच्या दारूला सरावलेला मेंदू ती अचानक थांबताच अतिउत्तेजित होतो. शेवटच्या पिण्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ आणि धडधड सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना डेलिरियम ट्रेमन्स होतो: चादरीवर किडे दिसतात, रुग्ण सलाईन उपसतो, ताप चढतो. घरच्यांना ही बाहेरची बाधा वाटते. उपचार न झाल्यास जीवही जातो. येथे मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले डायझेपाम किंवा लोराझेपाम यांसारखे झोपेचे, मेंदू शांत करणारे औषधच जीव वाचवते, आणि ग्लुकोज लावताना थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) विसरून चालत नाही.

तोंडाला वास येतो एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण फार पिणाऱ्याला अंगात थोडी दारू असतानाही हा त्रास सुरू होऊ शकतो. “मामा, शेवटची कधी घेतली होती?” हे दाखल करतानाच, आवाजात दटावणी न आणता विचारावे, दटावले की माणूस खरे सांगत नाही.

त्रासाची तीव्रता मोजणाऱ्या ‘सीवा’ मोजपट्टीत १० बाबी आणि कमाल ६७ गुण असतात. त्यांतली एक बाब भानाची आहे: आज कोणता वार, आपण कुठे आहोत. हा प्रश्न कन्नडमध्ये विचारला आणि खानापूरकडचे मराठी बोलणारे आजोबा गप्प राहिले, तर त्यांना भान नाही असे नोंदले जाते आणि गुण चुकतात. मराठी परिचारिकेसमोरच्या कन्नड रुग्णाचेही तसेच होते. म्हणून सीमाभागातील प्रत्येक परिचारिकेकडून हे प्रश्न दोन्ही भाषांत घोटून घ्यावेत, आणि पाळी बदलताना गुणांसोबत ते कोणत्या भाषेत विचारले हेही सांगितले जावे.