नोटा : नाराज मतदारांसाठीचा पर्याय (पुणे)

‘वरीलपैकी कोणीही नाही’ किंवा ‘नोटा’ हे मतदान यंत्रावरील शेवटचे बटण. एकही उमेदवार पसंत नसेल, तर ते दाबून नकार गुप्तपणे नोंदवता येतो. मतदानालाच न जाणे हाही कायद्याने मतदाराचा हक्क आहे, पण त्याचा हिशेब कुठे लागत नाही. २०२४ च्या लोकसभेला पुण्यात चाळीस टक्क्यांहून अधिक मतदार केंद्रावर फिरकले नाहीत. त्यांत रागावलेले किती आणि सुट्टी साधून गावाला गेलेले किती, हे आकडा सांगत नाही.

पूर्वी नकार नोंदवायचा तर निवडणूक नियमांतील नियम ४९-ओ होता. नोंदवहीत सही झाल्यावर मत द्यायचे नाही असे केंद्राध्यक्षांना सांगायचे; ते शेरा लिहीत आणि त्याखाली मतदाराची सही घेत. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोरच हे चाले, त्यामुळे गुप्तता उरत नसे. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर निकाल देऊन यंत्रावर वेगळे बटण ठेवायला लावले.

लोकसभा आणि विधानसभेत नोटाला कितीही मते पडली, तरी उमेदवारांमध्ये पुढे असलेलाच निवडून येतो. अनामत रक्कम वाचवण्यासाठी लागणारा एक षष्ठांश मतांचा वाटा काढतानाही नोटा वैध मतांत धरत नाहीत. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीण मतदारसंघात नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता. निकाल बदलला नाही.

महापालिकेत गणित वेगळे आहे. राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानुसार एखाद्या जागेवर नोटाला सर्वाधिक मते मिळाली, तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यावी लागते. फेरनिवडणुकीतही तेच झाले, तर मात्र उमेदवारांत आघाडीवर असलेला विजयी ठरतो. म्हणजे पुणेकराच्या नोटाला जी काही धार आहे, ती नगरसेवक निवडताना.

पुण्यात चार सदस्यांच्या प्रभागात मतदाराला चार मते असतात. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळी, ड फिकट निळी. प्रत्येक जागेच्या यादीच्या शेवटी स्वतंत्र नोटा. तीन जागांवर उमेदवार आणि चौथीवर नोटा, असेही चालते. घोळ होतो तो एकच बटण दाबून बाहेर पडणाऱ्यांचा : चारही मते पूर्ण झाल्याशिवाय बझर वाजत नाही आणि रांग अडते. लोकसभेला अडचण दुसरीच. एका बॅलट युनिटवर, म्हणजे यंत्राच्या बटणे असलेल्या भागावर, १६ बटणे असतात. २०२४ मध्ये पुण्यात ३५ उमेदवार असल्याने नोटा तिसऱ्या युनिटवर गेला होता.

सामूहिक बहिष्कार हा आणखी एक मार्ग. महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतील (२०१७ मध्ये ११, २०२१ मध्ये २३) सोसायट्यांच्या गेटवर टँकर आणि रस्त्यांच्या प्रश्नांवरून ‘पाणी नाही, तर मत नाही’ असे फलक लागतात. फलकाने प्रचारात उमेदवाराला गेटवर थांबवून आश्वासन घेता येते, ते बरेच. पण किमान मतदानाची अट कायद्यात नसल्याने निवडणूक रद्द होत नाही. बिनविरोध जागेवर तर मतदानच होत नाही, तिथे नोटाही नाही.