जुन्या स्टिरिओ यंत्रांचा जीर्णोद्धार

जुन्या स्टिरिओ यंत्रांचा जीर्णोद्धार : साधारण १९५० ते १९८५ या काळात घरगुती वापरासाठी बनलेले ॲम्प्लिफायर, रिसीव्हर (रेडिओसह ॲम्प्लिफायर), रेकॉर्ड प्लेअर आणि स्पीकर पुन्हा वाजते करण्याचा, त्यांचा मूळ आवाज शक्य तितका परत आणण्याचा आणि मग ते रोज ऐकण्याचा छंद. काहींचा हा धंदाही आहे. बंद सेट चालू करणे ही झाली दुरुस्ती. जीर्णोद्धारात त्यापुढचा प्रश्न येतो : बदलायचे काय आणि हात कशाला लावायचा नाही? देवळाच्या दगडी कोरीवकामावर ऑइल पेंट फासलेला आपण पाहतोच. स्पीकरच्या नशिबीही तेच येते.

या यंत्रांच्या म्हातारपणाचा एक साधा नियम आहे. पत्रा, तांबे, लोहचुंबक आणि लाकूड पन्नास-साठ वर्षे सहज काढतात. आधी जाते ते मऊ आणि ओले : फोम, रबर, ग्रीस, चिकटद्रव्य, वीज साठवणाऱ्या कंडेन्सरमधला द्रव. जुना सेट हातात आला की यातले काय गेले असेल याचा अंदाज झाकण उघडण्यापूर्वीच बांधता येतो.

पार्श्वभूमी : एकाच खाचेत डावा आणि उजवा असे दोन आवाज कोरण्याच्या कल्पनेसाठी ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्ये पेटंटचा अर्ज केला, पण स्टिरिओ तबकड्या दुकानांत सर्रास मिळायला १९५८ उजाडले. त्याच्या चार वर्षे आधी अमेरिकेत एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने एआर-१ हा स्पीकर काढला. त्यात कोनाला (पुढे-मागे हलून आवाज काढणाऱ्या शंकूला) आवरून धरण्याचे काम मुख्यतः हवाबंद पेटीत कोंडलेली हवा करी. त्यामुळे कपाटाएवढ्या पेटीतून निघणारा खर्ज पुस्तकांच्या फळीवर मावू लागला. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲम्प्लिफायरचे वॉट कसे मोजून सांगायचे याचा नियम केला. तोवर जाहिरातींत वाटेल ते आकडे छापले जात. नियम आला आणि जपानी कंपन्यांत खऱ्या वॉटची चढाओढ लागली. १९७८ चा पायोनिअर एसएक्स-१९८० हे तिचे टोक : दर चॅनेलला (डाव्या आणि उजव्या बाजूला प्रत्येकी) २७० वॉट आणि वजन सुमारे ३५ किलो, म्हणजे दोघांनी मिळून उचलायचा रिसीव्हर. १९८२ मध्ये सीडी आली आणि पुढच्या काही वर्षांत ही धुडे माळ्यावर गेली.

भारतात आयातीवर कडक बंधने होती. त्यामुळे घरोघरी दिसत ते फिलिप्स, एचएमव्ही, कॉस्मिक किंवा कोलकात्याच्या सोनोडाइनचे सेट. जपानी माल आला तो बहुतेक सामानातून. कोकणात आणि गोव्यात आखातातून सुट्टीवर आलेला माणूस डेक आणि स्पीकर घेऊन येई. त्यातले काही अजूनही बैठकीच्या खोलीत, वर क्रोशाचा रुमाल पांघरून बसलेले दिसतात. (हा रुमाल ॲम्प्लिफायरची उष्णता बाहेर जाण्याच्या फटी झाकतो. तो आधी काढावा.)

स्पीकर : सर्वांत जास्त नुकसान इथेच दिसते आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात. १९७० च्या दशकापासून अनेक कंपन्यांनी कागदी कोनाच्या कडेला पॉलियुरेथेन फोमची वळी लावली. हवेतल्या दमटपणाने हा फोम आतून तुटत जातो आणि पंधरा-वीस वर्षांत त्याचा चिकट भुगा होतो. ‘आम्ही फारसा वाजवलाच नाही’ असे मालक सांगतो, पण फोमला त्याचे काही नसते. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या हवेत तो आणखी लवकर जातो. अशा वेळी स्पीकर टाकून द्यायचा नसतो. जुना फोम स्पिरिटने भिजवून, खरवडून काढतात. मधली टोपी सोडवून कॉइल (कोनाला जोडलेले तारेचे वेटोळे) आणि लोखंडी गाभा यांच्यामधल्या फटीत कागदाच्या पट्ट्या सरकवतात, म्हणजे कोन बरोबर मध्यावर राहतो. मग नवी कड चिकटवून रात्रभर वाळू देतात. पट्ट्या न घालता हे काम उरकले तर कॉइल एका बाजूला घासते आणि खर्जात खरखर येते. काही जण टोपी न काढता अगदी खालचा, वीस-तीस हर्ट्झचा सूर वाजवत कोन मध्यावर आणतात. हात बसलेला असेल तर तेही चालते.

मात्र प्रत्येक जुना स्पीकर फोमचा नसतो. १९७० मध्ये आलेल्या जेबीएल एल-१०० च्या मोठ्या कोनाची कड घडीदार असून ती सडत नाही. तिथे भुगा होतो तो पुढच्या, चौकोन-चौकोन कापलेल्या नारिंगी किंवा निळ्या फोमच्या जाळीचा. बीबीसीने प्रसारणाच्या गाड्यांसाठी तयार केलेल्या एलएस३/५ए या इवल्याशा स्पीकरमध्ये केईएफ कंपनीचे बी११० आणि टी२७ हे भाग आहेत आणि बी११० ची कड रबरी आहे. एआर-३ मध्ये तर घोटाळा वेगळाच होतो. त्याच्या पाठीमागे मधल्या आणि वरच्या पट्टीचा आवाज कमी-जास्त करणारी दोन बटणे असतात. ती आतून गंजतात, मधला आवाज मंदावतो किंवा गडप होतो आणि स्पीकरच गेला असे समजून मूळ भाग काढून भलताच बसवला जातो. खरे तर बटण उघडून आतली पट्टी घासली की बहुतेक वेळा आवाज परत येतो. या स्पीकरची परीक्षाही सोपी : मोठा कोन बोटांनी हलकेच आत दाबून सोडावा. तो सावकाश परतला तर पेटी हवाबंद आहे. झटकन आला तर कुठून तरी हवा निसटते आहे आणि विल्चरची ती हवेची स्प्रिंग उरलेली नाही.

स्पीकरमधले कंडेन्सर बदलताना एक सूक्ष्म गोष्ट सुटते. जुन्या द्रवयुक्त कंडेन्सरला स्वतःचा थोडा अवरोध असतो. त्या जागी आजचा प्लास्टिक फिल्मचा उत्तम कंडेन्सर बसवला की तो अवरोध नाहीसा होतो आणि वरच्या पट्ट्या बोचू लागतात. म्हणून जाणकार त्याच्याशी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, एक छोटा रेझिस्टर (अवरोध देणारा भाग) जोडतात. महागडा भाग लावला म्हणून आवाज सुधारतोच असे नाही.

क्वाड कंपनीचा १९५७ चा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात कोनच नाही. प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा विद्युतभाराच्या ओढीने हलतो. खर्जाच्या पडद्यांना सुमारे ६,००० व्होल्ट लागतात. दमट हवेत भार गळतो, धूळ ओढली जाते, कधी ठिणग्या पडतात. पावसाळ्यातल्या कोकणात हा स्पीकर सांभाळणे म्हणजे हौसेचा कडेलोट. नवशिक्याने तो उघडूच नये.

ॲम्प्लिफायर : ॲल्युमिनियमच्या डबीतल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा द्रव सुकत जातो. तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, म्हणजे विदर्भातल्या उन्हाळ्यात फोम टिकेल पण कंडेन्सर टिकणार नाही. तो गेल्याची खूण म्हणजे घुंघुं असा आवाज आणि पोकळ खर्ज. वर्षानुवर्षे बंद असलेला सेट म्हणूनच थेट प्लगला जोडत नाहीत. ६० किंवा १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घालून सुरुवात करतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सेट वाचतो. एलईडी दिव्याने हे काम होत नाही. त्यामुळे या मंडळींच्या कपाटात जुने पिवळे बल्ब अंड्यासारखे जपून ठेवलेले सापडतात. त्यानंतर डिमरस्टॅटने व्होल्टेज हळूहळू चढवतात. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये भार राहतो आणि वॉल्वच्या (जुन्या काचेच्या नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरमध्ये तो चारशे-पाचशे व्होल्टचा असू शकतो. यात धाडसाला जागा नाही.

जपानी यंत्रांत सुटे भाग पक्के बसावेत म्हणून लावलेला पिवळसर गोंद काळाने तपकिरी होतो, वीज वाहू लागतो आणि भागांचे पाय खातो. हिताचीचा २एससी४५८ हा छोटा ट्रान्झिस्टर (आवाजाचा सिग्नल वाढवणारा सुटा भाग) फुसफुशीसाठी बदनाम आहे. तो सरसकट बदलतात. व्हॉल्यूमची खरखर मात्र बहुधा साध्या कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे तिथे मारू नये, तो पुढे धूळ धरतो. उत्पादन बंद झालेल्या ट्रान्झिस्टरच्या आणि एसटीके या ॲम्प्लिफायर-आयसीच्या नावाने बनावट माल भरपूर फिरतो, आणि तो बसवल्यावर पहिल्याच मोठ्या आवाजात उडतो.

रेकॉर्ड प्लेअर आणि वीज : जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२० आणि आपल्याकडे २३० व्होल्ट. पाठीमागे व्होल्टेज बदलण्याची सोय आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. पण ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट बदलतो, वारंवारता नाही. अमेरिकेच्या ६० हर्ट्झसाठी बनलेला, विजेच्या वारंवारतेवर फिरणारा रेकॉर्ड प्लेअर आपल्या ५० हर्ट्झवर लावला तर मिनिटाला ३३⅓ ऐवजी जेमतेम २७.८ फेरे घेतो आणि गायिकेचा गायक होतो. मोटरवरची पुली बदलली की प्रश्न सुटतो. स्विंडन येथे १९५० च्या दशकात निघालेल्या गॅरार्ड ३०१ मध्ये अशी पुली बदलता येते. (ही कंपनी ब्रिटिश राजघराण्याच्या जवाहिऱ्यांनी काढलेली. बेअरिंगची सफाई पाहिली की आश्चर्य वाटत नाही.) तिथेही जाते ते रबरी चाक आणि सुकलेले ग्रीस, लोखंडाला काही होत नाही.

३०१ ला ७८ चा वेग आहे, म्हणून मराठी संग्राहकांना त्याचे मोल वेगळे. बालगंधर्वांची पदे, जुनी भावगीते ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांवर आहेत. त्यांची खाच एलपीपेक्षा जवळपास तिप्पट रुंद असते. एलपीच्या सुईने त्या वाजवल्या तर सुई खाचेच्या तळाशी घरंगळते आणि ऐकू येते ती नुसती माती. वेगळी सुई घेतली की त्याच तबकडीतून ऑर्गनही ऐकू येतो.

बाजार : मुंबईत सुटे भाग लॅमिंग्टन रोडला, जुने सेट चोर बाजारात, पुण्यात तपकीर गल्ली आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. परदेशात किमती इतक्या चढल्या की कंपन्यांनीच जुनी मॉडेले पुन्हा काढली : टेक्निक्सने २०१० मध्ये बंद केलेला एसएल-१२०० हा रेकॉर्ड प्लेअर २०१६ मध्ये परत आणला, जेबीएलने २०१८ मध्ये एल-१०० ची नवी आवृत्ती. ‘जुनं ते सोनं’ हे मात्र इथे खरे नाही. १९८० च्या दशकातले चकचकीत दिव्यांचे, आत पोकळ असलेले स्वस्त सेट दुरुस्त करण्यात पैसा घालवू नये. वजन हा वाईट निकष नव्हे : ट्रान्सफॉर्मर जड असेल तर बनवणाऱ्याने बहुधा इतरत्रही हात आखडता घेतलेला नसतो.

ऐकणे : पैसे यंत्रावर खर्च होतात आणि आवाज खोली बिघडवते. फ्लॅटच्या सिमेंटच्या भिंती आणि गुळगुळीत फरशी आवाज परतवतात; खाली जाड सतरंजी आणि खिडकीला पडदा एवढ्याने जो फरक पडतो तो हजारोंच्या वायरीने पडत नाही. स्पीकर कोपऱ्यात कोंबला की खर्ज फुगतो, म्हणून तो भिंतीपासून हातभर पुढे घ्यावा.

काम संपल्यावर काढलेले मूळ भाग, फाटका कोन आणि जळका ट्रान्झिस्टरसुद्धा, पिशवीत घालून त्याच पेटीत ठेवण्याची पद्धत चांगल्या कारागिरांत आहे. सोबत एक चिठ्ठी असते : काय बदलले, कधी आणि कोणत्या मापाचे.