वितळलं की विरघळलं?

टीव्हीच्या रिमोटवर मार्करचा डाग पडला होता. तो काढायला मी नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवला. डाग गेला, पण तिथलं प्लास्टिक चिकट झालं आणि माझ्या अंगठ्याचा ठसा त्यावर कायमचा उमटला. ‘वितळलं की रे!’ असं घरचे म्हणाले. पण वितळायला ऊब लागते, आणि रिमूव्हर तर हाताला गार लागत होता.

प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांचा गुंता. तापवलं की साखळ्या चुळबुळ करू लागतात, एकमेकींवरून घसरतात आणि वस्तू लोळागोळा होते. द्रावकाची, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवाची, तऱ्हा वेगळी. त्याचे चिमुकले रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरतात आणि त्यांना सुटं करतात. मात्र त्यासाठी दोघांचं जमावं लागतं. रिमूव्हरमधल्या ॲसिटोनचं रिमोटच्या एबीएस प्लास्टिकशी चांगलंच जमतं, पॉलिथिनशी अजिबात नाही. म्हणून तोच रिमूव्हर पॉलिथिनच्या बाटलीत महिनोन्‌महिने सुखानं राहतो.

त्यामुळे ‘उकळतं पाणी सोसतंय ना, मग कशानंही पुसा’ हा हिशोब चुकतो. पॉलिकार्बोनेट हे कडक, पारदर्शक प्लास्टिक साधारण १४७ अंश सेल्सिअसपर्यंत मऊ पडत नाही, पण ॲसिटोन लागला की पांढुरकं होतं, तडकतं. जास्त घनतेचं पॉलिथिन त्याच्याआधी, १३० अंशांच्या आसपासच वितळतं, तरी ॲसिटोनला दाद देत नाही.

सगळ्यात जास्त फसवतं ते थर्माकोल. ॲसिटोनचा थेंब टाकला की क्षणात खड्डा पडतो, थेट निखारा ठेवल्यासारखा. खरं तर थर्माकोलमध्ये जवळपास ९८ टक्के हवाच असते. भिंती मऊ पडल्या की ती निसटते आणि उरतो चिकट गोळा. ॲसिटोन उडून गेला की त्याचा कडक खडा होतो. तो खडा म्हणजे थर्माकोलचं आधीचंच प्लास्टिक, पॉलिस्टायरिन, फक्त हवा गेलेलं. शंभरेक अंशांच्या आचेनंही ते असंच बसतं. दिसायला दोन्ही सारखंच, तेव्हा गोंधळ होणारच. (हा प्रयोग करायचाच असेल तर जवळपास ज्योत नको, ॲसिटोन भडकन पेटतो.)

पाण्याच्या पारदर्शक बाटलीत उकळतं पाणी ओतलं की ती आक्रसते, ती तर या दोन्हींत बसत नाही. तिचं प्लास्टिक, म्हणजे पीईटी, वितळायला २५० अंश लागतात. पण बाटली फुगवताना तिच्या साखळ्या ताणलेल्या असतात. ७०-८० अंशांना त्या सैलावतात आणि मागे येतात. आट्यांचा गळा ताणलेला नसतो, म्हणून तो फारसा आक्रसत नाही.

आणि भांड्याचा काळा बेकेलाइटचा दांडा? त्याच्या साखळ्या एकमेकींत कायमच्या सांधलेल्या. तो वितळतही नाही, विरघळतही नाही. फार तापला तर सरळ करपतो.