टीडीएसचा आकडा आणि नळाच्या पाण्यातले जंतू

दोन-तीनशे रुपयांत मिळणारा, पेनाच्या आकाराचा टीडीएस मीटर आता शहरांतल्या पुष्कळ घरांत पोहोचला आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आमच्याकडे आज १४० आला, तुमच्याकडे किती?’ अशी विचारपूस होते आणि ज्याचा आकडा कमी त्याचे पाणी शुद्ध, असा निवाडाही तिथेच होऊन जातो. वास्तविक पाण्यात विरघळलेले क्षार आणि पाण्यात शिरलेले रोगजंतू ही दोन सर्वस्वी वेगळी प्रकरणे आहेत. ती पाण्यात येतात वेगळ्या वाटेने, त्यांची तपासणी वेगळी आणि त्यांवरचा उपायही वेगळा. मुंबई-पुण्यासारख्या धरणांवर अवलंबून असलेल्या शहरांत तर मीटर ज्यांची मोजदाद करतो ते क्षार क्वचितच तापदायक ठरतात, आणि माणसाला खरोखर अंथरुणाला खिळवणाऱ्या जंतूंची त्या मीटरला गंधवार्ताही नसते.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या घन पदार्थांचे एकूण प्रमाण. त्यांत मुख्यतः कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार येतात. भातसा, तानसा, वैतरणा किंवा खडकवासला, पानशेत या जलाशयांत साठते ते सह्याद्रीवर पडलेले पावसाचे पाणी. जमिनीशी त्याचा संबंध थोडाच काळ येत असल्यामुळे त्यात क्षार कमी असतात. बोअरवेलचे पाणी खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षे मुरलेले असते, म्हणून ते जड लागते, त्यात साबणाला फेस येत नाही आणि गीझरमध्ये पांढरे थर बसतात. खिशातला मीटर हे क्षार वेगळे काढून मोजत नाही. तो दोन टोकांमधल्या पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढेच पाहतो आणि त्याला एका ठरावीक गुणकाने, साधारणपणे ०.५ ते ०.७ च्या दरम्यानच्या, गुणून पीपीएममधला (दशलक्ष भागांत किती भाग, म्हणजे जवळपास मिलिग्रॅम प्रतिलिटर) आकडा दाखवतो. म्हणूनच शुद्ध पाण्यात चमचाभर साखर विरघळवली तरी आकडा जवळजवळ हलत नाही, कारण साखरेच्या पाण्यातून वीज वाहत नाही. चिमूटभर मिठाने मात्र तो उसळतो.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर २,००० पर्यंत मुभा आहे. चौपटीची ही सवलतच पुरेशी बोलकी आहे, कारण ही मर्यादा बव्हंशी चवीची आणि पाण्याच्या जडपणाची आहे. याचा अर्थ क्षार कुठेच त्रासदायक नाहीत असा नव्हे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही आणि तिथे टीडीएस हा जगण्याचाच प्रश्न आहे. पण तिथेही हा आकडा एकूण बेरजेचा असतो, त्यात काय काय आहे ते तो सांगत नाही. यवतमाळ-चंद्रपूर भागांतल्या काही गावांत ज्या फ्लोराइडमुळे दात आणि हाडे खराब होतात, त्याची मर्यादा १ ते १.५ मिलिग्रॅम आहे. शिशाची तर ०.०१ मिलिग्रॅम. पूर्णांकात वाचन देणाऱ्या मीटरवर असले प्रमाण दिसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

जंतूंची गोष्ट निराळी आहे. भांडुप किंवा पर्वतीसारख्या जलशुद्धीकरण केंद्रातून निघणारे पाणी गाळलेले आणि क्लोरीन दिलेले असते. खरा घात होतो तो पुढे, वाटेत. आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच सोडले जाते आणि उरलेल्या वेळात वाहिनी रिकामी किंवा कमी दाबाची असते. तिच्या शेजारून, कित्येकदा तिला चिकटूनच, सांडपाण्याची वाहिनी किंवा गटार गेलेले असते. वाहिनीतला दाब गेला की गळक्या सांध्यांतून बाहेरची घाण आत ओढली जाते आणि पुन्हा पाणी सुटताच पहिल्या लोटाबरोबर ती घराघरांत पोहोचते.

आता हाच प्रसंग मीटरच्या नजरेने पाहू. नळाच्या पाण्याचा टीडीएस ८० आहे आणि सांडपाण्याचा ६००, असे धरू. शंभर लिटरच्या मिश्रणात एक लिटर सांडपाणी असेल, तर टीडीएस होईल सुमारे ८५. मीटर घेऊन बसलेला गृहस्थ या पाचाच्या फरकाकडे ढुंकूनही पाहणार नाही, आणि तरीही त्या पेल्यात कावीळ, विषमज्वर, हगवण यांपैकी काहीही असू शकते. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली ती दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ई विषाणूची होती. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हाही काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जीवाणू आढळला आणि तपासाचा रोख पाण्याकडे वळला. अशा साथीत विचारायचा प्रश्न ‘टीडीएस किती?’ हा नसून ‘नळाला क्लोरीन येते का?’ हा आहे.

मानकानुसार नळापर्यंत आलेल्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन शिल्लक असायला हवे, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर किमान ०.५. ही शिल्लक म्हणजे वाटेत शिरणाऱ्या जंतूंसाठी ठेवलेली राखीव फौज होय. ती तपासण्याची साधी रीत म्हणजे ओटी टेस्ट. नळी पाण्याने भरायची, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे आणि पिवळी छटा रंगपट्टीशी ताडून पाहायची. तपासलेले पाणी मात्र फेकून द्यायचे, कारण हे रसायन पोटात जाता कामा नये. रंग आलाच नाही तर जंतू आहेतच असे सिद्ध होत नाही, पण राखीव फौज संपली आहे एवढे निश्चित कळते. गंमत अशी की, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कालवून विहिरीत टाकणाऱ्या ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला हे नीट ठाऊक असते, आणि शहरात मात्र क्लोरीनचा वास आला की लोक ‘पाणी खराब आहे’ म्हणून तक्रार करतात. प्रत्यक्ष दूषितपणाची शंका असेल तर एच-टू-एसची बाटली, म्हणजे जंतूंनी हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला की काळी पडणारी तपासणी-बाटली, वापरता येते. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर विष्ठेचा संसर्ग झाल्याचा संशय बळावतो. अखेरचा शब्द प्रयोगशाळेचा, आणि तिथली कसोटी अशी की १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जीवाणू मुळीच सापडता कामा नये.

पावसाळ्यातला गढूळपणा ही आणखी तिसरी गोष्ट आहे. तो विरघळलेल्या क्षारांचा नसून तरंगणाऱ्या गाळाचा असतो, म्हणून टीडीएसमध्ये येत नाही. परंतु गाळाच्या कणांआड जंतू क्लोरीनपासून बचावतात, तेव्हा आधी तुरटीने पाणी निवळणे आणि मगच क्लोरीन देणे हाच योग्य क्रम.

या गोंधळाला विक्रेत्यांनी भरपूर खतपाणी घातले आहे. दारात आलेला माणूस दोन पेल्यांत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतो. आरओच्या (पडद्यातून दाबाने गाळून क्षार काढणाऱ्या यंत्राच्या) पाण्याचा पेला स्वच्छ राहतो आणि नळाच्या पाण्यात तपकिरी चोथा वर येतो. तो चोथा पाण्यातला नसतो, लोखंडी कांडीच झिजून गंजाच्या रूपाने बाहेर पडलेली असते. आरओच्या पाण्यात क्षार नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून कांडी झिजत नाही, एवढेच. माझ्या मते ही सरळसरळ दिशाभूल आहे.

उपाय निवडतानाही हाच फरक लक्षात ठेवावा लागतो. पाणी उकळले की जंतू मरतात, पण वाफ उडून गेल्यामुळे टीडीएस किंचित वाढूही शकतो आणि मीटर पाहणारा विनाकारण हवालदिल होतो. जंतू मारणाऱ्या यूव्ही (अतिनील) दिव्यानेही आकडा बदलत नाही. आरओ क्षार काढतो, पण तो बरेचसे पाणी वाया घालवतो; राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्यासाठी आरओ वापरण्यास बंदी घालण्याचे निर्देश दिले होते. शिवाय आरओच्या आधीचा कार्बनचा गाळणीथर क्लोरीन शोषून घेतो, त्यामुळे यंत्राच्या टाकीतले पाणी आकड्याने ३० असले तरी तिथे जंतूंना अटकाव करणारे काहीच नसते आणि टाकी वेळोवेळी धुवावी लागते.

मग मीटर टाकून द्यावा काय? तसे नाही. आरओची मेंब्रेन (क्षार अडवणारा पडदा) कामातून गेली की नाही हे आतल्या आणि बाहेरच्या पाण्याचे वाचन ताडून चांगले कळते. आणि एरवी ८०-१०० दाखवणाऱ्या सोसायटीच्या नळाला एकाएकी ४५० आले, तर टाकीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी मिसळले आहे असे समजावे, आणि त्या पाण्याला क्लोरीन कुणी दिले का, हे त्याच दिवशी ओटी टेस्टने पाहावे.