पाचारण (ख्रिस्ती धर्म)

देव माणसाला स्वतःकडे बोलावतो आणि त्याच्यावर काम सोपवतो, या श्रद्धेला ख्रिस्ती परिभाषेत पाचारण म्हणतात. पहिले पाचारण ख्रिस्ताकडे येण्याचे, म्हणजे विश्वासाचे व पवित्र जीवनाचे असते. विशिष्ट सेवा, व्यवसाय किंवा जीवनस्थिती त्यानंतर येते. हा क्रम उलटला की पाचारण म्हणजे निव्वळ धर्मकार्यातील नेमणूक ठरते.

बायबलमध्ये ही हाक बहुधा रोजच्या कामात असलेल्या माणसाला येते. मोशे सासऱ्याची मेंढरे चारत होता, पेत्र व आंद्रिया जाळे टाकत होते. मोशे आणि यिर्मया यांनी तर आधी सबबी सांगितल्या. शमुवेलाची कथा विशेष बोलकी आहे. शिलो येथील मंदिरात झोपलेल्या या मुलाला हाक ऐकू येते आणि तो तीनदा उठून वृद्ध याजक एलीकडे धावतो. तिसऱ्या वेळी ही हाक देवाची आहे हे उमगते ते एलीला, शमुवेलाला नव्हे. आपल्याला पाचारण झाले, असे कोणी एकट्याने ठरवून चालत नाही, त्याचे मूळ इथे दिसते. धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या कॅथलिक उमेदवाराची पारख सेमिनरीतील (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातील) दीर्घ शिक्षणात होते व अखेरचा निर्णय बिशपांचा असतो. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत (चर्चमध्ये) स्थानिक मंडळीची संमती लागते.

मध्ययुगीन युरोपात पाचारण मुख्यतः मठवासी व धर्मगुरूंपुरते उरले होते. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने शेतकरी, गृहिणी, कारागीर यांचे कामही देवाने सोपवलेले आहे, असे ठासून सांगितले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक धर्मसभेने, १९६४ मध्ये पावित्र्याचे पाचारण सर्वांना असल्याचे घोषित केले. विवाहही त्यात आला. तरीही मुलगा सेमिनरीत किंवा मुलगी कॉन्व्हेंटमध्ये (नन्सच्या मठात) गेली की मगच पाचारणाची चर्चा होते, ही उणीव मोठी आहे. दुसरा धोका याहून गंभीर. ज्या स्थितीत पाचारण झाले तिच्यातच राहावे, हे बायबलमधील प्रेषित पौलाचे वाक्य दास्याच्या समर्थनासाठी वापरले गेले. पण स्वतंत्र होता येत असेल तर दासाने ती संधी घ्यावी, असा लगेच पुढच्याच ओळीचा सर्वसाधारण अर्थ लावला जातो.

पाचारण एकदाच होऊन संपत नाही, हे महाराष्ट्रात कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या आयुष्यात दिसते. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा जलविधी) घेतला. त्याची किंमत पत्नी लक्ष्मीबाईंनाही मोजावी लागली. दोघे काही वर्षे वेगळे राहिले आणि पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांनी अनेक वर्षे काम केले, अभंग आणि भजने रचली. पण ख्रिस्त मराठी मातीतल्या भक्ताच्या रूपाने लोकांपुढे न्यावा, ही ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, असा त्यांचा आग्रह होता.