स्कायलाइन आणि हिवाळा: कॅनडातल्या शहरांच्या तुलनेमागचा इतिहास

टोरंटो भारी की व्हँकुव्हर, कॅल्गरी की मॉन्ट्रियल, ही तुलना दर हिवाळ्यात नव्याने रंगते. फोटो शेजारी शेजारी ठेवले जातात, मजले मोजले जातात, आणि बर्फातला फोटो असेल तर त्याला हमखास पसंती मिळते. यात एक गोष्ट सुटते. या शहरांचा आजचा चेहरा बराचसा 1960 ते 1980 या वीस वर्षांत ठरला. इमारती किती उंच जाऊ द्यायच्या, हा त्या काळातला एक प्रश्न होता. हिवाळ्यात पायी चालणाऱ्या माणसाला कुठून न्यायचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर फोटोत दिसतं. जानेवारीत ते शहर राहायला कसं वाटतं, हे मात्र दुसऱ्यावर अवलंबून असतं.

त्याआधीचा काळ रेल्वेच्या हॉटेलांचा आणि बँकांच्या मुख्यालयांचा. क्वेबेक सिटीतलं शातो फ्रोंतनॅक 1893 चं. टोरंटोत 1931 साली उभी राहिलेली 34 मजली बँकेची इमारत जवळजवळ तीस वर्षं ब्रिटिश राष्ट्रकुलातली सर्वांत उंच इमारत होती. ओटावात संसदेच्या मनोऱ्याच्या वर कोणी जायचं नाही, असा दंडक होता. तोवर थंडीसाठी वेगळी नगररचना असा विचारच नव्हता. लोक जाड कोट घालून रस्त्यावरूनच चालत.

मॉन्ट्रियलने 1962 साली दिशा बदलली. रेल्वेमार्गाच्या मोठ्या खड्ड्यावर क्रुसाच्या आकाराची प्लास व्हिल मारी ही इमारत आली आणि तिच्या पोटात दुकानांचे रस्ते आले. 1966 मध्ये मेट्रो सुरू झाली, पुढच्याच वर्षी जागतिक प्रदर्शन भरलं आणि भुयारी वाटा एकमेकींना जोडल्या गेल्या. आज त्या 30 किलोमीटरच्या पुढे आहेत. टोरंटोनेही 'पाथ' हे तेवढ्याच लांबीचं जाळं विणलं. मात्र मॉन्ट्रियलने वरचा रस्ता सोडला नाही. बर्फ उचलायचा दिवस आला की नारिंगी पाट्या लागतात, भोंगा वाजतो, राहिलेल्या गाड्या ओढून नेल्या जातात आणि मग यंत्रं बर्फ ट्रकमध्ये भरत गल्लीगल्लीतून पुढे सरकतात. त्या शहराने उंचीबाबतही स्वतःला बांधून घेतलं आहे: 1992 पासून कोणत्याही इमारतीने माँ-रॉयाल टेकडीचा माथा ओलांडायचा नाही. टोरंटोत 1973 मध्ये मध्यवर्ती भागात 45 फुटांची तात्पुरती मर्यादा आली होती. ती टिकली नाही, आणि आज तिथे यंग स्ट्रीटच्या टोकाला शंभराहून अधिक मजल्यांचा टॉवर चढतो आहे.

कॅल्गरीने जमिनीखाली न जाता वर जायचं ठरवलं. 1970 मध्ये दोन इमारतींना जोडणारा पहिला पादचारी पूल झाला. रस्त्यापासून साधारण पंधरा फूट उंच, म्हणून 'प्लस फिफ्टीन'. जो बिल्डर पूल बांधेल त्याला जादा बांधकामाची मुभा मिळे. म्हणजे तेलाच्या तेजीत झालेले ते उंच टॉवर आणि त्यांच्यामधले काचेचे पूल एकाच सौद्यातून आले आहेत.

या सगळ्यात सर्वांत स्पष्ट आणि सर्वांत जास्त भांडला गेलेला निर्णय विनिपेगचा. पोर्टेज आणि मेन या दोन रुंद रस्त्यांचा चौक कॅनडातला सर्वांत वाऱ्याचा चौक म्हणून प्रसिद्ध आहे. जानेवारीचं सरासरी तापमान तिथे उणे 16 अंशांच्या आसपास असतं. उणे तीसच्या सकाळी इमारतींच्या धुराड्यांतून निघणारी वाफ सरळ वर जाते आणि कार पार्किंगमध्ये विजेच्या वायरीला जोडलेल्या दिसतात, कारण इंजिन गरम ठेवलं नाही तर ते सुरूच होत नाही. 1970 च्या दशकात शहराने एका बिल्डर कंपनीशी करार केला. कंपनीने चौकाच्या कोपऱ्यावर टॉवर उभारायचा, जमिनीखाली दुकानं काढायची. त्या दुकानांना गिऱ्हाईक मिळावं म्हणून शहराने चौकात पायी रस्ता ओलांडायला बंदी घालायची. मुदत चाळीस वर्षं. 1979 मध्ये चारही कोपऱ्यांवर काँक्रीटच्या भिंती आल्या आणि माणसं जिन्याने खाली गेली.

थंडीपासून लोकांना वाचवण्यासाठी हे केलं, असं अजूनही सांगितलं जातं. मला हे पटत नाही. थंडी हे कारण असतं तर भुयार बांधून वरची वाट उघडी ठेवता आली असती. ज्याला गारठा सोसत नाही तो खाली गेला असता. भिंती घालायची गरज दुकानांसाठी होती आणि गाड्यांना सिग्नलवर कमी थांबावं लागावं म्हणून होती. जून-जुलैच्या लख्ख उन्हातही तिथे रस्ता ओलांडता येत नव्हता, यातच सगळं आलं. त्रास झाला तो व्हीलचेअरवरच्या माणसांना, म्हाताऱ्यांना आणि बाबागाडी ढकलणाऱ्या आयांना. समोर दिसणाऱ्या बसस्टॉपला जायचं तर लिफ्ट शोधायची, खाली उतरायचं, वर्तुळाकार भुयारात बरोबर तोंड शोधायचं आणि पुन्हा वर यायचं. नवखा माणूस हमखास भलत्याच कोपऱ्यावर निघे.

कराराची मुदत संपत आली तेव्हा वाद सुटायला हवा होता, पण तो वाढला. 2018 मध्ये महापालिका निवडणुकीबरोबर जनमत घेतलं गेलं आणि सुमारे 65 टक्के लोकांनी चौक बंदच ठेवा असं सांगितलं. उपनगरांतून गाडीने येणाऱ्यांना ट्रॅफिकची धास्ती होती, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. चौक खरोखरच वर्दळीचा आहे. पण मध्यवर्ती भागात रोज पायी फिरणाऱ्यांचं मत मोजणीत बुडालं, हेही तितकंच खरं.

चक्र फिरलं ते एका गळतीमुळे. भुयाराच्या छतावरचा पाणी रोखणारा थर खराब झाला होता. तो बदलायचा तर अंदाजे 7 कोटी 30 लाख डॉलर आणि काही वर्षं खोदलेला चौक, असा हिशोब पुढे आला. मग 2024 मध्ये नगरपरिषदेने भिंती काढायचं ठरवलं आणि 27 जून 2025 रोजी, सेहेचाळीस वर्षांनी, लोक पुन्हा चौक पायी ओलांडू लागले. जे तत्त्वाच्या वादातून झालं नाही ते दुरुस्तीच्या बिलाने झालं. शेजारीच आता 42 मजल्यांची निवासी इमारत आहे, शहरातली सर्वांत उंच. तिथले रहिवासी आठवड्याचे सातही दिवस तिथेच असतात.

एडमंटनची गोष्ट वेगळी. शहराच्या मधोमध विमानतळ असल्याने तिथे इमारती दीडशे मीटरच्या आतच थांबत. 2013 मध्ये तो बंद झाला आणि काही वर्षांत 251 मीटरचा टॉवर उभा राहिला. पण त्याहून मोलाचं काम कागदावर झालं: 2012 चं हिवाळी धोरण आणि 2016 ची रचनेची मार्गदर्शक तत्त्वं. वारा अडेल अशी इमारतीची मांडणी करा, कमी उंचीवरचं ऊन फूटपाथवर पोचू द्या, रंग आणि दिवे वापरा. डिसेंबरात जेमतेम साडेसात तास उजेड मिळणाऱ्या शहरासाठी हे फार गरजेचं होतं. व्हँकुव्हरला हा प्रश्न तसा पडलाच नाही. तिथे हिवाळा पावसाचा, आणि 1989 पासून सांभाळलेली चिंता ही की टॉवरांच्या आड डोंगर लपू नयेत.

कॅल्गरीत 2014 नंतर तेलाचे भाव पडले आणि मध्यवर्ती भागातली जवळजवळ चौथाई ऑफिसं रिकामी झाली. 2021 पासून शहर अनुदान देऊन त्या इमारतींची घरं करून घेत आहे. तिथे राहायला येणाऱ्यांत नव्याने स्थलांतरित झालेली कुटुंबंही असणार, आणि त्यांना संध्याकाळी दूध-भाजी आणायला, मुलांना बाहेर न्यायला वाट लागणार. काचेचे पूल ऑफिसच्या वेळांसाठी बांधले होते आणि रात्री ते बंद होतात. म्हणून पन्नास वर्षं दुर्लक्षित राहिलेला खालचा फूटपाथ आता तिथेही नव्याने चर्चेत आला आहे.