तारांच्या भोकातून जाणारी हवा : ॲडव्हेंचर बाइकच्या चाकांची पार्श्वभूमी

जून लागला की मुंबईतल्या गॅरेजांपुढे लडाखला निघालेल्या ॲडव्हेंचर बाइकांची, म्हणजे खडबडीत वाटांसाठीच्या बाइकांची, रांग लागते. चेन, ब्रेक पॅड, ऑइल ही कामं ठरलेलीच. अलीकडे त्यांत आणखी एक विचारणा हमखास असते : ‘स्पोकची चाकं काढून ट्यूबलेस बसवून मिळतील का?’, म्हणजे तारांची चाकं काढून आत ट्यूब न लागणारी. या साध्या प्रश्नामागे बरीच जुनी गोष्ट आहे, आणि ती रिमला, म्हणजे टायर बसतो त्या धातूच्या कड्याला, पाडलेल्या भोकांपासून सुरू होते.

बैलगाडीच्या चाकात भार खालच्या आऱ्यांवर उभा असतो. तारेच्या चाकाचं तसं नाही. बारीक तार उभ्याने वजन घ्यायला गेली तर वाकेल. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून ठेवतात आणि रिम चहूबाजूंनी हबकडे, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याकडे, ओढलेली राहते. 1874 मध्ये इंग्लंडात जेम्स स्टार्ली यांनी या तारा हबमधून सरळ न काढता तिरप्या काढल्या, त्यामुळे हबचा पीळ रिमपर्यंत नीट पोचू लागला. आपल्या बाइकच्या तारा आजही तशाच तिरप्या असतात. 1888 मध्ये डनलॉप यांचा हवेचा टायर आला. पण जितक्या तारा तितकी रिमला भोकं, म्हणजे 36 तारांना 36 भोकं. त्यांतून हवा निघून जाणार, म्हणून आत ट्यूब आली आणि तिच्याबरोबर पंक्चरचा जाच आला.

तरीही या चाकाचं बळ मोठं आहे. दगडावर आदळलं तर ते लवतं, वाकतं, पण सहसा तुटत नाही, आणि वाकलेलं पुन्हा सरळ करता येतं. गिरगावात एका वयस्क मिस्त्रींकडे मी चाकाचा आउट काढून घ्यायचो, म्हणजे वाकलेली रिम सरळ करून घ्यायचो. ते चाक स्टँडवर चढवत, रिमशेजारी खडूचा तुकडा स्थिर धरत आणि चाक हलकेच फिरवत. जिथे रिम बाहेर आलेली असे तिथेच पांढरी रेघ उमटायची. मग त्या बाजूच्या तारा पाव आटा ढिल्या, समोरच्या पाव आटा घट्ट, आणि पुन्हा खडू. अधूनमधून चावीने एकेका तारेवर टिचकी मारत. ताणलेली तार ‘टिंग’ करी, सैल तार ‘ठप’. त्या एका ‘ठप’वर त्यांचा हात थांबायचा. हे कसब मी दुसरीकडे फार कमी पाहिलं.

ओतीव, म्हणजे तारांऐवजी साच्यात एकसंध ओतलेलं, तारांची भोकं नसलेलं चाक आलं शर्यतींतून. तिथे ते हलक्या मॅग्नेशियमचं होतं, म्हणून आपल्याकडे आजही ॲल्युमिनियमच्या चाकाला ‘मॅगव्हील’ म्हणतात, आणि पंक्चरवाल्याच्या तोंडी ‘मॅकव्हील’. चारचाकींना ट्यूबलेस टायर 1950 च्या दशकातच मिळाले होते. मोटरसायकलला मात्र थांबावं लागलं. होंडाने 1977 मध्ये पट्ट्या जोडून केलेली कॉमस्टार चाकं आणली आणि 1978 च्या सीएक्स 500 ला ट्यूबलेस टायर बसले. फायदा उघड होता. खिळा रुतला तरी हवा हळूहळू जाते आणि चाक न काढता भोकात रबरी पट्टी घालून दहा मिनिटांत निघता येतं. भारतात 2000 नंतर मॅगव्हील पसरलं, ते इतकं की तारेचं चाक म्हणजे स्वस्तातलं मॉडेल असं समीकरण झालं.

खडकाळ वाटेवर मात्र तारच राहिली. 26 डिसेंबर 1978 ला पहिली पॅरिस-डकार रॅली, म्हणजे वाळवंटातून जाणारी लांब पल्ल्याची शर्यत, सुटली, तेव्हा दुचाकींत जिंकलेल्या सिरिल नेव्हू यांच्या यामाहा एक्सटी 500 ला तारेचीच चाकं होती. 1980 ची बीएमडब्ल्यू आर 80 जी/एस तशीच : पुढे 21 इंची, मागे 18 इंची. पुढचं चाक मोठं का? मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि दगडावर सहज चढतं. दुसऱ्याच वर्षी याच बाइकच्या रॅली आवृत्तीवर ह्युबर्ट ऑरिओल डकार जिंकले.

आणि मग 1987. बीएमडब्ल्यूच्या आर 100 जीएसमध्ये तारांची टोकं रिमच्या मधोमध न अडकवता अगदी बाहेरच्या कडेला अडकवली, टायर जिथे रिमला बसतो त्याच्याही पलीकडे. भोकं हवेच्या कप्प्यात उघडतच नाहीत, मग ट्यूब कशाला हवी? तारा एकमेकींना छेदून जातात म्हणून नाव पडलं क्रॉस-स्पोक. ताण देण्याचे निप्पल, म्हणजे तारेच्या टोकाचे छोटे नट, हबकडे नेल्यामुळे तुटलेली तार टायर न काढता बदलता येऊ लागली. मला ही कल्पना फार आवडते. तारेचा लवचीकपणा राहिला आणि हवेचा प्रश्नही सुटला.

परवडणाऱ्या भारतीय बाइकपर्यंत ती यायला मात्र पिढी गेली. 2011 ची हिरो इम्पल्स, 2016 ची रॉयल एनफिल्डची हिमालयन, 2019 ची हिरोचीच एक्सपल्स 200, सगळ्यांची चाकं तारेची आणि आत ट्यूब. नोव्हेंबर 2023 मध्ये हिमालयन 450 आली तीही इथे ट्यूबवरच. ट्यूबलेस स्पोकचा पर्याय 2024 मध्ये मिळाला. या बाइकचे टायर सिएटचे, म्हणजे 1958 पासून मुंबईत असलेल्या, भांडुपच्या कारखान्यामुळे आम्हाला घरच्या वाटणाऱ्या कंपनीचे. याचं मला उगाच बरं वाटतं.

मुंबईकराला हा पर्याय इतका हवासा का, हे शहराबाहेर पडताना कळतं. सी लिंक, अटल सेतू, एक्स्प्रेस वे, सगळीकडे दुचाकीला बंदी. उरतो जुना पुणे रस्ता, कसारा, नाहीतर गोवा महामार्ग, आणि तिथवर पोचेपर्यंत पेव्हर ब्लॉकच्या कडा. एका जुलैत माळशेजला माझ्या मागच्या चाकात खिळा शिरला. धुक्यात चाक काढलं, नवी ट्यूब घातली आणि घाईत ती टायर चढवायच्या लिव्हरमध्ये, म्हणजे पट्टीत, चिमटली. दुसरं पंक्चर मीच केलं होतं. दीड तास गेला.

म्हणून लोक वाटा शोधतात. कुणी रिममधली भोकं सीलंट आणि टेपने बुजवतात. पण ट्यूबच्या बहुतेक रिमला टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा नसतो. हवा उतरली की टायर आत घसरू शकतो, आणि पुढच्या चाकाला ते झालं तर सावरायला वेळ मिळत नाही. कुणी दुसऱ्या बाइकचं 17 किंवा 19 इंची मॅगव्हील बसवतात. त्याने बाइक खाली बसते, हँडलचा स्वभाव बदलतो. शिवाय एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, दोन चाकांच्या वेगाची तुलना करतं, त्याला बदललेला व्यास ठाऊक नसतो. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना म्हटलं. माझं मत स्पष्ट आहे : बदलायचीच तर त्याच मॉडेलसाठी कंपनीने केलेली, त्याच मापाची क्रॉस-स्पोक चाकं घ्यावीत, नाहीतर ट्यूब ठेवून ती बदलायला घरीच शिकावं.

नवी चाकं घेऊन मी गिरगावला गेलो, तेव्हा मिस्त्रींनी रिमच्या मधोमध बोट फिरवलं. भोकं नव्हती. कडेच्या तारा त्यांनी एक एक करून वाजवून पाहिल्या, सगळ्या, पूर्ण फेरी. मग पोराला म्हणाले, ‘खडू दे रे.’